नदीकाठच्या पत्रावर सही करू का?

पत्र असं आहे:

ताई नमस्कार, मी पुण्यात सिंहगड रोडला राहते, मुठेच्या अगदी कडेला. आमच्या सोसायटीची सध्या मी सेक्रेटरी आहे (दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून). महापालिकेच्या नदीकाठ सजवायच्या प्रोजेक्टवरून आमच्याकडे घरात आणि ग्रुपवर दोन्हीकडे भांडणं चाललीयत. मिस्टर ऑफिसच्या कामाला अहमदाबादला जाऊन आले, साबरमतीच्या बांधलेल्या काठाचे फोटो सगळ्यांना दाखवत सुटलेत, आपल्याकडे असं कधी होणार म्हणतात. सासरे झाडं वाचवायच्या चिपको मोर्च्याला गेले होते, ते म्हणतात नदीचं गटार केलंत आता थडगं बांधताय. जेवताना दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. तळमजल्यावरच्या काकूंच्या घरात २०२४ च्या जुलैत कमरेइतकं पाणी होतं, त्या म्हणतात काय बांधायचं ते बांधा, भिंत बांधा, पण पाणी आत येऊ देऊ नका. त्यात एका इच्छुक उमेदवाराच्या माणसाने छापील पत्र आणून दिलंय, "आम्ही सर्व रहिवासी या प्रकल्पाला जाहीर पाठिंबा देतो", शनिवारपर्यंत सही शिक्का करून हवंय. रविवारी मीटिंग आहे. सही केली तर सासरे बोलणार नाहीत, नाही केली तर निम्मी सोसायटी म्हणेल की हिच्या घरच्यांमुळे डेव्हलपमेंट अडली. मला स्वतःला काय वाटतं तेच कळेनासं झालंय. काय करू?

– सिंहगड रोडवरची सेक्रेटरी

अगं, आधी शनिवारचं बघू. शनिवारची घाई त्या माणसाला आहे, तुला नाही. मीटिंग रविवारी आणि सही शनिवारी हे गणितच उलटं आहे, "सर्व रहिवासी" असं लिहिलेल्या कागदावर रहिवाशांना विचारायच्या आधी शिक्का मारायचा नसतो, एवढं त्याला गोड शब्दात सांगून टाक आणि पत्र ठेवून घे. त्यावरून कुणी काही म्हणालं तर म्हण की मी नियमाने चाललेय, या वाक्यापुढे पुण्यात सहसा कुणी फार बोलत नाही.

आता मुद्द्याचं. तुझ्या पत्रातली सगळी माणसं वाचली आणि खरं सांगू का, मला कुणीच चुकीचं वाटलं नाही, पण प्रत्येक जण वेगळ्याच गोष्टीबद्दल भांडतोय. मिस्टरांना संध्याकाळी चालायला जागा हवीय, सासऱ्यांना झाडं आणि पक्षी हवेत, काकूंना घर कोरडं हवंय, आणि पत्र आणणाऱ्याला काय हवंय ते तुला माहितीच आहे. आणि ही सगळी भांडणं एका "पाठिंबा की विरोध" मध्ये कोंबली की असंच होणार, जेवताना अबोला.

थोडं प्रोजेक्टबद्दल, कारण ग्रुपवर जे फॉरवर्ड फिरतात त्यात दोन वेगळ्या योजनांची सरमिसळ झालेली असते. एक आहे नदीकाठाची, काठाला पायऱ्या आणि चालायला जागा वगैरे करायची, म्हणजे मुळा, मुठा आणि संगमाच्या पुढची मुळा-मुठा मिळून साधारण ४४ किलोमीटरचा काठ, खर्च ४७०० कोटींच्या आसपास, भूमिपूजन ६ मार्च २०२२ ला पंतप्रधानांच्या हस्ते झालं, आराखडा अहमदाबादच्या एचसीपी या कंपनीचा, साबरमती ज्यांनी केली तेच. त्याचे टप्पे पाडलेत आणि काम सुरू झालं ते संगमवाडी, बंडगार्डन या बाजूला. दुसरी योजना आहे मैलापाण्याची, जपानच्या जायका या संस्थेच्या कर्जातून, ९९० कोटींची, ११ नवीन शुद्धीकरण केंद्रं, रोज ३९ कोटी ६० लाख लिटर पाणी साफ करायची क्षमता. ही मंजूर झाली २०१६ च्या जानेवारीत. म्हणजे काठ सजवायच्या योजनेच्या कितीतरी आधी पाणी साफ करायची योजना मंजूर होती आणि ती वर्षानुवर्षं रखडली, तोवर काठाचं काम पुढे निघून गेलं. माझा राग आहे तो या क्रमावर आहे, पायऱ्यांवर नाही. पायऱ्या कुणाला नकोत, ओंकारेश्वरापाशी, विठ्ठलवाडीला घाट आहेतच की आपल्याकडे, लोक पिढ्यानपिढ्या उतरत होते नदीत. पण आज संगमापाशी नाक न धरता पाच मिनिटं उभं राहून दाखवा म्हणावं.

मिस्टरांना हे सांग, पण टोमणा मारून नको. साबरमतीला जे झालं ते त्या शहरातल्या लोकांना आवडलंय ही गोष्ट खरी आहे, संध्याकाळी तिथे गर्दी असते, आजी-आजोबा असतात, पोरं सायकली चालवतात, आणि आपल्या शहरात अशी सपाट मोकळी फुकट जागा आहे कुठे, फुटपाथवर तर स्कूटर चालतात. ही गरज खोटी नाही आणि ती सांगणाऱ्याला बिल्डरचा माणूस म्हणायचं कारण नाही (सासऱ्यांना हे सांगायचं काम मात्र तुझं). पण साबरमतीत शहराच्या भागात जे पाणी दिसतं ते नर्मदेच्या कालव्यातून आणलेलं आहे, नदीचं स्वतःचं पात्र तिथे वर्षातला बराच काळ कोरडंच असायचं. आपलं उलट आहे. आपल्या डोक्यावर खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर अशी चार धरणं आहेत, त्यातलं खडकवासला तर शहराला खेटून, आणि पावसाळ्यात धरणं भरली की विसर्ग सुटतो तो थेट तुमच्या गेटपाशी. उन्हाळ्यात पात्रात जे वाहतं ते बहुतेक आपल्याच नाल्यांचं. ते बंधारा घालून अडवलं तर फोटोत निळं दिसेल कदाचित, पण वासाचा फोटो येत नाही. जलपर्णी आणि डास ऐक मग. २०२४ च्या फेब्रुवारीत केशवनगर-खराडीला डासांचे उंच खांब फिरताना लोकांनी व्हिडिओ काढले होते, आठवत असतील.

आणि अहमदाबादचा अजून एक भाग फोटोत नसतो. काठावरच्या झोपडपट्ट्यांतल्या हजारो कुटुंबांना उठवून लांब नेलं, प्रकरण हायकोर्टात गेलं. आपल्याकडे पाटील इस्टेट, ताडीवाला रोड, पुलाची वाडी, येरवडा, इथले लोक काठावर आज राहतातच. तुमच्या सोसायटीत काम करणाऱ्या बायकांपैकी कोण कुठे राहतं विचारून बघ. जॉगिंग ट्रॅकच्या चर्चेत त्यांना कुणी बोलवत नाही, आणि पाणी आलं की सगळ्यात आधी तेच भिजतात. २५ जुलै २०२४ च्या त्या पहाटे पुलाच्या वाडीत गाडा हलवताना शॉक लागून तीन तरुण मुलं गेली, तीही विसरू नका.

आता सासरे. त्यांना माझा नमस्कार सांग, कारण २९ एप्रिल २०२३ ला संभाजी बागेतून निघालेल्या मोर्च्यात ते चालले असतील तर मला कौतुकच आहे, उन्हातान्हात एवढे लोक झाडांसाठी रस्त्यावर येतात हे या शहरात नेहमी घडत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत राम नदी-मुळेच्या संगमाजवळ पुन्हा तेच झालं. महापालिका म्हणते की जाणारी झाडं बरीचशी सुबाभूळ वगैरे आहेत, बाकीची दुसरीकडे लावू, त्याहून जास्त नवीन लावू. पण काठावरचा उंबर, करंज, वाळुंज हे कुंडीतून आणून रांगेत लावलेल्या झाडांसारखे नसतात, ते पाण्यात पाय ठेवून वाढलेले असतात, माती धरून ठेवतात, आणि त्यांच्या खालच्या चिखलात शेकाट्या, ढोकरी, धोबी असे पक्षी चरत असतात. चिखलावर दगडांचा थर (पिचिंग) बसवला की हे संपलं. याबाबतीत मी पूर्ण सासऱ्यांच्या बाजूने.

पण (आणि हे त्यांना आवडणार नाही) "नदीला आहे तशी राहू द्या" हे म्हणणं मला पटत नाही, कारण आहे तशी म्हणजे कशी? तुमच्या भागातला काठ बऱ्याच ठिकाणी राडारोड्याने भरलेला आहे, रात्री डंपर येतात, टाकतात, सकाळी त्यावर एरंड आणि घाणेरी उगवते आणि आपण त्याला हिरवळ म्हणतो. जिथे कुणी फिरकत नाही तिथे पहिलं पत्र्याचं शेड उभं राहतं, मग गॅरेज, मग मंगल कार्यालय. विठ्ठलवाडीहून हायवेकडे जाणारा रस्ता पात्रातच बांधायला घेतला होता आणि हरित लवादापर्यंत गेल्यावर तो काढायला लागला, ही काही दुसऱ्या कुणाच्या गावची गोष्ट नाही, तुमच्या मागच्याच गल्लीची आहे. लोकांचा काठावर वावर असणं चांगलं, मातीची पायवाट चांगली, बसायला दगड चांगले. त्यासाठी भराव टाकून पात्र आवळावं लागत नाही.

आणि अजून एक नाजूक गोष्ट. तुमची सोसायटी कुठल्या रेषेत येते? निळी पूररेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, तिच्या आत बांधकामच नको असतं, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदाची, त्या दोन्हींच्या मधे बंधनं पाळून बांधायचं. सिंहगड रोडच्या कितीतरी इमारती आज नकाशावर या रेषांच्या आत दिसतात, आणि नदीला गुदमरवण्यात त्यांचाही (म्हणजे तुमचाही, सॉरी) वाटा आहे. मी हे कुणाला दोष द्यायला सांगत नाहीये, तुम्ही फ्लॅट घेतलात तेव्हा बिल्डरने काय दाखवलं, परवानगी कुणी दिली ते देव जाणे. पण उद्या तुमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाईल तेव्हा पहिला प्रश्न हाच येणार, आणि ग्रुपवर जे "प्रोजेक्ट झाला की रेट वाढतील" म्हणतायत त्यांनी रेषा सरकतायत की नाही, सरकल्या तर कुणाच्या बाजूला, हे आधी बघावं. काठाला भिंत झाली की निळी रेषा भिंतीपर्यंत मागे जाईल अशी आशा बऱ्याच लोकांना आहे, उघड कुणी बोलत नाही एवढंच.

आता काकू. माझ्या मते तुझ्या मीटिंगमधला सगळ्यात महत्त्वाचा आवाज त्यांचा आहे, आणि भिंत बांधा म्हणतायत तर त्यांना हसू नका. रात्री झोपलेल्या माणसाच्या घरात पाणी शिरलं की मग त्याला भिंतच दिसते. पण त्यांच्यासाठीच भिंतीचा हिशोब नीट मांडायला हवा. त्या दिवशी खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या वर पाणी सुटलं होतं. पानशेत फुटलं तो १२ जुलै १९६१ चा दिवस बाजूला ठेवू, तो प्रकारच वेगळा होता, पण ३५ हजार हा काही ऐकलाच नाही असा आकडा नाही, एवढं पाणी याआधीही सुटलेलं आहे. मग या वेळी तुमच्या सिंहगड रोडच्या एकतानगरीत एवढं का शिरलं? धरणाच्या खाली शहरात पडलेला पाऊस त्यात मिळाला हे एक, आणि पात्राची पाणी वाहून न्यायची ताकद कमी झालीय हे दुसरं, भराव, रस्ते, मेट्रोचे खांब, राडारोडा, सगळं त्यात आलं. महापालिकेचं म्हणणं असं की प्रोजेक्टमध्ये पात्रातले अडथळे काढले, पात्र साफ केलं की पातळी उलट खाली जाईल. विरोधकांचं म्हणणं असं की काठावर भराव येणार म्हणजे नदी अरुंद होणार आणि पातळी वर जाणार. दोघांकडे नकाशे आहेत.

मला विचारशील तर मी भिंतीला घाबरते ते दुसऱ्याच कारणाने. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आठव, आंबील ओढा. ते पाणी धरणाचं नव्हतंच, कात्रजच्या बाजूला पाऊस पडला आणि ओढ्याने भिंती, गाड्या, माणसं नेली. शहरातले असे सगळे ओढे-नाले शेवटी नदीतच उतरतात. आता नदी भरून भिंतीच्या वरच्या अंगाला पोचलीय आणि त्याच वेळी तुमच्या मागच्या नाल्यालाही पाणी आलंय, तर ते जाणार कुठे? मोरीचं पाणी बाहेरचं गटार भरलं की उलट घरात येतं तसं होणार. नाल्याच्या तोंडाला झडपा बसवल्या तर नदी आत येत नाही पण नालाही बाहेर जात नाही, मग पंप लागतात, पंपाला वीज लागते, आणि पुरात पहिली जाते ती वीज. काकूंच्या घरात पाणी समोरून नाही आलं तर मागून येईल. शिवाय तुमच्याकडे भिंत झाली की समोर कर्वेनगरच्या बाजूला काय होतं हेही बघायला लागेल, नाहीतर पाच वर्षांनी तिकडच्या काकू तुमच्या नावाने बोटं मोडतील.

म्हणून तुला स्वतःला काय वाटतं हे कळत नाहीये ते स्वाभाविक आहे, कारण जो आकडा कळल्याशिवाय मत होऊच शकत नाही तो तुला कुणी दिलेला नाही. तो मागायचा. मी तुझ्या जागी असते तर छापील पत्रावर सही केली नसती आणि त्याच्या विरुद्धचं छापील पत्र कुणी आणलं असतं तर त्यावरही नाही. सोसायटीच्या लेटरहेडवर आपलं पत्र लिहिलं असतं, अर्धं पान, पाठिंबा-विरोध हे शब्दच न वापरता. त्यात विचारायचं की २५ जुलै २०२४ ला आमच्या गेटपाशी पाणी जिथवर आलं ती पातळी समुद्रसपाटीपासून किती मीटर होती, आणि तेवढाच विसर्ग प्रोजेक्ट पूर्ण झाल्यावर सुटला तर त्याच जागी पातळी किती असेल. "पूर कमी होईल" असं उत्तर नको, मीटरमध्ये हवं. आमच्या बाजूच्या नाल्याचं तोंड नदी भरलेली असताना कसं चालणार. आमच्या टप्प्यातलं मैलापाणी कुठल्या केंद्रात जाणार आणि ते केंद्र सुरू झालंय का. काठावरची कुठली झाडं राहणार, त्यांची यादी नंबरसकट. आणि विसर्ग वाढवायच्या आधी आम्हाला कोण, कसं, किती तास आधी सांगणार, यासाठी कुठलाही प्रोजेक्ट लागत नाही, भोंगा लागतो आणि रात्री जागा असलेला एक माणूस लागतो. माझ्या मते काठाचं काम दहा वर्षं थांबलं तरी चालेल, हे या पावसाळ्याच्या आत व्हायला हवं.

हे सगळं एकाच ऑफिसात मिळणार नाही हे लक्षात ठेव. धरणाचा विसर्ग आणि पूररेषा पाटबंधारे खात्याकडे, ते राज्य सरकारचं, आणि प्रोजेक्ट, नाले, झाडं, मैलापाणी महापालिकेकडे. एकाला विचारलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो, म्हणून माहिती अधिकाराचे दोन वेगळे अर्ज कर, प्रत्येकी १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही आलं तर अपील. प्रश्न छोटे आणि कागदाबद्दलचे ठेव, "का केलं नाही" असं विचारलं की उत्तर येत नाही, "अमुक अहवालाची प्रत द्या" म्हटलं की देणं भाग पडतं.

रविवारच्या मीटिंगमध्ये काकूंना पहिलं बोलू दे, मग बाकीचे. पाठिंब्याचा ठराव कुणी मांडलाच तर मांडू दे, विरोधाचाही मांडू दे, दोन्ही मिनिट्समध्ये नावानिशी लिही, आणि तिसरा तुझा प्रश्नांच्या पत्राचा. मला वाटतं तिसऱ्याला सगळे हात वर करतील, कारण पाणी पार्किंगमध्ये येतं तेव्हा ते कुणाची गाडी कुठल्या बाजूची ते बघत नाही. आणि ग्रुपवर मीटिंगपर्यंत नदी बंद, साबरमतीचे फोटोही बंद आणि मेलेल्या माशांचेही.

राहिले घरातले दोघं. एका सकाळी दोघांना घेऊन बंडगार्डनच्या बाजूला जिथे काम झालंय तिथे जा, लवकर, उन्हाच्या आत. बंडगार्डनच्या पुलावर उभं राहून दोन्हीकडे बघता येतं, एकीकडे नवीन बांधलेला काठ, आणि जवळच येरवड्याच्या अंगाला सलीम अलींच्या नावाची पक्ष्यांची जागा आहे. मिस्टरांना पाणी बघायला सांग, सासऱ्यांना तिथे चालायला आलेली माणसं. वाद मिटेल असं मी म्हणत नाहीये, मिटू नये कदाचित, पण निदान दोघं एकाच जागेबद्दल भांडतील. नंतर कामं वाटून दे. सासऱ्यांनी बिल्डिंगमध्ये फिरून त्या दिवशीच्या पाण्याच्या खुणा शोधायच्या, भिंतींवर अजून डाग असतील, लोकांच्या मोबाइलमध्ये वेळेसकट फोटो असतील, ते गोळा करायचे. मिस्टरांनी त्या खुणा नकाशावर चढवायच्या. अर्जाचा मसुदा दोघांनी मिळून लिहायचा, आणि शुद्धलेखन सासऱ्यांकडे दे, पण प्रश्न वाढवायला देऊ नकोस, नाहीतर पेशवाईपासून सुरुवात होईल आणि अर्ज ३० पानांचा होईल.

उत्तरं आली की मला पाठव, पुढच्या पत्रात बघू.